अणू कोसळत का नाही?



बेंगळूरूच्या लालबागेत एक विस्तीर्ण कातळ आहे. केंपेगौडांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार बुरुजांपैकी एक लहानसा बुरूज त्याच्या माथ्यावर उभा आहे. सायंकाळी शहरातील माणसे वाऱ्यासाठी तेथे येऊन बसतात, मुले उतारावरून धावतात, आणि वृद्ध मंडळी टेकून बसून सूर्यास्त पाहतात. भूशास्त्रज्ञांच्या मते हा कातळ सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण त्याच्या मानाने अगदी कालपरवाचा म्हणावा लागेल. माझी बदली या शहरात झाल्यापासून रविवारी सकाळी तेथे जाऊन बसण्याचा परिपाठ मी ठेवला आहे. एकदा असाच बसलो असता, वाचनात आलेली एक गोष्ट आठवून मी चकित झालो. ती अशी की, गेल्या शतकाच्या आरंभी जे पदार्थविज्ञान सर्वमान्य होते, त्याच्या नियमांप्रमाणे हिशेब मांडला, तर हा कातळ क्षणभरही टिकता कामा नये. त्यातील प्रत्येक अणूने एका निमिषाच्या आत स्वतःमध्येच कोसळून जावयास हवे होते.

कातळ तर कोसळलेला नाही. मग चुकले कोठे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात युरोपातील बुद्धिमान माणसांची एक पिढी खर्ची पडली. त्या उत्तरात ज्यांचा वाटा फार मोठा होता, असे एक गृहस्थ १९३५ साली याच बेंगळूरू शहरी येऊन राहिले होते, आणि त्यांना येथे कायमचे ठेवून घेण्याची संधी आपण दवडली. मी पदार्थवैज्ञानिक नव्हे. मी इतिहासाचा पदवीधर आणि पेशाने सरकारी नोकर. तेव्हा या दोन्ही कथा इतिहासाच्या विद्यार्थ्याला जशा दिसल्या, तशा आज आपल्यापुढे मांडणार आहे.

पदार्थाचे तुकडे करीत गेल्यास शेवटी काय उरते, हा प्रश्न आपल्याकडे कणादांनी विचारला आणि ग्रीस देशात डेमॉक्रिटस यांनी विचारला. दोघांचेही उत्तर स्थूलमानाने एकच होते. ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत असा एक सूक्ष्म कण उरतो, असे ते उत्तर. जो कण अविभाज्य आहे, त्याच्या पोटात काही नाही; आणि ज्याच्या पोटात काही नाही, त्याच्या कोसळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ही निश्चिंतता १८९७ पर्यंत टिकली. त्या वर्षी केंब्रिज येथे जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉन हा कण दाखवून दिला. तो कोणत्याही अणूहून कितीतरी हलका होता आणि त्याच्यावर ऋण विद्युत्भार होता. अणूला पोट आहे, हे त्या दिवशी कळून चुकले.

अणू एकंदरीने विद्युत्भाररहित असतो. म्हणजे त्याच्यात ऋण भाराइतकाच धन भारही असला पाहिजे. तो कोठे असावा? टॉमसन यांनी कल्पना केली की, शिऱ्यात बेदाणे पेरावेत तसे धन विद्युतेच्या गोळ्यात इलेक्ट्रॉन पेरलेले असतील. ही कल्पना फार दिवस टिकली नाही. १९०९ साली मँचेस्टर येथे अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर व मार्सडेन या त्यांच्या सहाय्यकांनी सोन्याच्या अतिशय पातळ वर्खावर आल्फा कणांचा मारा करून पाहिला. बहुतेक कण वर्खातून सरळ पार गेले. परंतु हजारो कणांतून एखादा चक्क मागे फिरला. शिऱ्यावर आपटून बंदुकीची गोळी मागे फिरत नाही. आत कोठेतरी काही कठीण, जड आणि अत्यंत लहान असे असले पाहिजे. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला की, अणूचा सर्व धन भार व जवळजवळ सर्व वस्तुमान एका सूक्ष्म केंद्रात एकवटलेले असते आणि इलेक्ट्रॉन त्याच्यापासून दूर असतात. किती दूर? केंद्र वाटाण्याएवढे मानले, तर अणूचा परीघ काही शे पावलांवर येतो. मधली सारी जागा रिकामी.

येथून संकटास प्रारंभ झाला. धन केंद्र ऋण इलेक्ट्रॉनाला ओढते. मग तो केंद्रावर जाऊन का पडत नाही? पृथ्वी सूर्यावर पडत नाही, कारण ती फिरते. तसाच इलेक्ट्रॉनही केंद्राभोवती फिरत असेल, असे म्हणावे तर मॅक्सवेल यांचे विद्युत्चुंबकीय शास्त्र आडवे येते. विद्युत्भारित कण आपली दिशा वा वेग बदलू लागला की तो प्रकाशरूपाने ऊर्जा बाहेर टाकतो, हा त्या शास्त्राचा निर्विवाद नियम आहे. आकाशवाणीचा हा कार्यक्रम ज्या लहरींवर आपणापर्यंत पोचतो, त्या लहरी प्रक्षेपकाच्या उंच मनोऱ्यात इलेक्ट्रॉनांना मागेपुढे हलवूनच निर्माण केलेल्या असतात. वर्तुळात फिरणाऱ्या कणाची दिशा तर क्षणोक्षणी बदलत असते. म्हणजे तो सतत ऊर्जा गमावीत राहणार, त्याचे वर्तुळ आखडत जाणार, आणि पाणी मोरीत गरगरत उतरते तसा तो केंद्रात उतरणार. याला किती वेळ लागेल, हा हिशेब अवघड नाही. हायड्रोजनच्या अणूपुरते उत्तर असे येते की, एका सेकंदाचे सहा हजार कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढ्या वेळात सर्व आटोपते. तीनशे कोटी वर्षांचा कातळ एकीकडे, आणि हा हिशेब दुसरीकडे!

१९१३ साली नील्स बोर या सत्तावीस वर्षांच्या डॅनिश तरुणाने यातून एक वाट काढली. मॅक्स प्लांक यांनी १९०० मध्ये असे सुचविले होते की, ऊर्जेची देवघेव हवी तशी सलग होत नसून ठरावीक पुंजांनीच होते. त्याचा आधार घेऊन बोर यांनी जाहीर केले की, अणूतील इलेक्ट्रॉनाला काही ठरावीक कक्षांतच राहण्याची मुभा आहे. त्या कक्षांत असताना तो ऊर्जा टाकीत नाही. आणि सर्वांत आतल्या कक्षेच्या खाली उतरण्यास त्याला मनाई आहे. या नियमांतून हायड्रोजनच्या वर्णपटातील रेषांचे स्थान इतके अचूक निघाले की जाणत्यांना मान डोलवावीच लागली. तथापि, मनाई का, या प्रश्नाला बोर यांच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या कचेरीतील भाषेत सांगावयाचे, तर परिपत्रक निघाले होते, पण त्याखाली कारणे दिलेली नव्हती. परिपत्रकाने काम चालते, समाधान होत नाही. बोर यांना स्वतःलाही ते झाले नव्हते.

ऊर्जा ठरावीक पायऱ्यांनीच चढते व उतरते, याचा एक सुंदर पुरावा भारतातूनही मिळाला, आणि त्याचा विस्तृत उद्घोष बेंगळूरूतच झाला. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांना असे आढळले की, द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात मूळच्या रंगाखेरीज निराळे रंगही येतात. प्रकाशाचा कण रेणूला ऊर्जेचा एक ठरावीक हप्ता देऊन जातो किंवा त्याच्याकडून घेऊन जातो; मधली रक्कम चालत नाही. त्याच वर्षी १६ मार्च रोजी बेंगळूरू येथे दक्षिण भारतीय विज्ञान संघापुढे व्याख्यान देऊन रामन यांनी हा शोध विस्ताराने मांडला. दोन वर्षांनी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९३३ मध्ये ते येथील भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. जमशेटजी टाटांच्या संकल्पातून आणि म्हैसूर संस्थानने दिलेल्या ३७१ एकर जमिनीवर १९०९ साली उभी राहिलेली ही संस्था. शहरातली साधी माणसे तिला आजही टाटा इन्स्टिट्यूट म्हणूनच ओळखतात.

परंतु खरे उत्तर निघाले ते जर्मनीतील ग्यॉटिंगेन या विद्यापीठाच्या गावी. तेथे मॅक्स बॉर्न हे प्राध्यापक होते. १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांचे तरुण सहाय्यक वेर्नर हायझेनबर्ग परागज्वराने हैराण होऊन हेल्गोलांड बेटावर गेले आणि तेथून एक विलक्षण गणित घेऊन परतले. त्यात दोन राशींचा गुणाकार उलट क्रमाने केला की उत्तर बदलत असे. हे गणित बॉर्न यांनी विद्यार्थिदशेत ब्रेस्लाउ येथे शिकलेल्या सारणींचे आहे, हे त्यांनी ओळखले. आणि पास्कुआल योर्डान यांच्या साहाय्याने त्याला शास्त्राचे रूप दिले. पुढच्याच वर्षी श्रोडिंगर यांनी इलेक्ट्रॉनाला तरंग मानून आपले समीकरण मांडले. पण हा तरंग कशाचा? पाण्याचा तरंग पाण्याचा, ध्वनीचा हवेचा. इलेक्ट्रॉनाच्या तरंगात हलते ते काय? १९२६ च्या उन्हाळ्यात बॉर्न यांनी उत्तर दिले की, हा तरंग संभाव्यतेचा आहे. तरंगाची उंची जेथे अधिक, तेथे इलेक्ट्रॉन सापडण्याचा संभव अधिक. गंमत अशी की, त्या निबंधाच्या मूळ मजकुरात संभाव्यता तरंगाच्या उंचीच्या प्रमाणात असते, असे होते. ती उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, ही दुरुस्ती मुद्रिते तपासताना एका तळटीपेत घातली गेली. आधुनिक विज्ञानाचा एक आधारस्तंभ असा तळटीपेतून उभा राहिला. आइन्स्टाइन हे बॉर्न यांचे जिवलग मित्र. त्यांना ही फाशांची भाषा अखेरपर्यंत रुचली नाही. मैत्री मात्र अभंग राहिली.

आता या तरंगाच्या कल्पनेने अणू कसा सावरतो, ते पाहू. वीणेची तार छेडा. तिच्यातून कोणताही स्वर निघत नाही. तिच्या लांबीला शोभणारा मूळ स्वर आणि त्याचे उपस्वर एवढेच निघतात. तार मध्यावर दाबून अर्धी केली की स्वर दुप्पट उंच होतो, षड्जाचा वरचा षड्ज होतो. स्वतः रामन यांनी वाद्यांच्या नादावर पुष्कळ काम केले होते. मृदंग व तबला यांच्या पुडीतून सुरेल उपस्वर कसे निघतात, यावर बेंगळूरूहून १९३४ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. कोंडलेला तरंग ठरावीक रीतींनीच कंप पावतो, आणि कोंडवाडा जितका लहान तितका कंप अधिक तीव्र. इलेक्ट्रॉनाचेही तसेच आहे. त्याच्या तरंगाला लहान जागेत कोंडावयाचे, तर तरंगाची लांबी कमी होते, आणि लांबी निम्मी झाली की संवेग दुप्पट व गतीची ऊर्जा चौपट होते. हायझेनबर्ग यांनी १९२७ मध्ये मांडलेले अनिश्चिततेचे तत्त्व याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. इलेक्ट्रॉनाला एका जागी जखडू जाल, तर तो अधिकच अस्वस्थ होईल.

याचा जमाखर्च मांडून पाहिला की सारे स्पष्ट होते. हायड्रोजनचा अणू स्वस्थ असताना केंद्राच्या ओढीमुळे इलेक्ट्रॉनाच्या खाती २७.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी बचत असते, आणि त्या जागेत कोंडून राहण्याचा खर्च १३.६ असतो. निव्वळ शिल्लक १३.६. हा आकडा खरोखरच मोजून मिळतो. इलेक्ट्रॉन अणूतून उपटून काढावयास एवढीच ऊर्जा लागते. आता अणू निम्म्या आकाराला दाबून पाहू. इलेक्ट्रॉन केंद्राच्या दुप्पट जवळ आला, म्हणून बचत दुप्पट झाली, ५४.४. पण खर्च चौपट झाला, तोही ५४.४. शिल्लक शून्य! आणखी निम्मा दाबला, तर बचत १०८.८ आणि खर्च २१७.६, म्हणजे उलट मोठी तूट. उलट दिशेने अणू दुप्पट मोठा केला, तर बचत १३.६, खर्च ३.४, शिल्लक १०.२, म्हणजे मूळच्यापेक्षा कमीच. सर्वांत अधिक शिल्लक ज्या आकाराला पडते, तोच अणूचा आकार. बोर यांनी मनाई केली होती. येथे मनाईची गरजच उरत नाही. खाली उतरण्याचा खर्च उतरण्याच्या लाभाहून अधिक आहे, म्हणून इलेक्ट्रॉन उतरत नाही. परिपत्रकाखालची कारणे अखेर सापडली.

मग फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा का टाकीत नाही? उत्तर असे की, या अवस्थेत तो ग्रहासारखा फिरतच नाही. त्याला मार्ग नाही; आहे तो केंद्राभोवती पसरलेला, काळानुसार न हलणारा संभाव्यतेचा मेघ. आणि ऊर्जा टाकावयाची, तर उतरण्यासाठी खालची पायरी हवी, ती नाहीच. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इलेक्ट्रॉन केंद्रापाशी कधीच जात नाही, असे नव्हे. तो मेघ केंद्रातही थोडा शिरलेला असतो. एवढेच की, सामान्यतः त्यातून काही घडत नाही. हायड्रोजनमध्ये प्रोटॉन व इलेक्ट्रॉन मिळून न्यूट्रॉन व्हावयाचा, तर बाहेरून सुमारे पावणेआठ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा आणावी लागेल; ती कोठून येणार? परंतु काही थोड्या मूलद्रव्यांत हा व्यवहार परवडतो, आणि तेथे केंद्र खरोखरच आपल्या इलेक्ट्रॉनाला गिळते. १९३७ मध्ये अमेरिकेत लुईस अल्वारेझ यांनी ही घटना प्रयोगाने दाखविली. पोटॅशियमचा एक विरळ प्रकार असा आहे की, त्याच्या दर शंभर अणूंपैकी सुमारे अकरा या मार्गाने जाऊन त्यांचा आर्गॉन वायू होतो. त्याची गती अतिमंद. निम्मे अणू बदलण्यास सव्वाशे कोटी वर्षे लागतात. खडकात अडकलेला हा आर्गॉन मोजूनच भूशास्त्रज्ञ पुरातन पाषाणांची वये काढतात. लालबागेच्या कातळात ज्या जातीची खनिजे आहेत, त्यांत पोटॅशियम असतेच. म्हणजे आपण त्याच्यावर बसलेलो असताना त्याच्या पोटात अधूनमधून एखादा इलेक्ट्रॉन केंद्रात पडतच असतो.

एका इलेक्ट्रॉनाचे झाले. पण सोन्याच्या अणूत एकोणऐंशी इलेक्ट्रॉन असतात. ते सगळे सर्वांत खालच्या पायरीवर गर्दी का करीत नाहीत? याचे उत्तर वोल्फगांग पाउली यांनी १९२५ मध्ये दिले. एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन. दुसऱ्यास त्याच जागी प्रवेश वर्ज्य. या वर्जनाच्या नियमामुळे मूलद्रव्यांना निरनिराळे गुणधर्म मिळाले, आणि पदार्थाला ऐसपैस आकारमान मिळाले. हे सारे केवळ सोयीचे मानणे नसून गणिताने अपरिहार्य आहे, हे फ्रीमन डायसन व अँड्र्यू लेनार्ड यांनी १९६७ मध्ये सिद्ध केले. लीब आणि थिरिंग यांनी १९७५ मध्ये ती सिद्धता अधिक सुटसुटीत केली. वर्जनाचा नियम नसता, तर दोन दगड एकमेकांशेजारी ठेवताच ते एकात एक मिसळून आखडले असते आणि प्रचंड ऊर्जा बाहेर पडली असती.

ही तटबंदी कोठवर टिकते, याचा शोध एका भारतीयाने लावला. १९२८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड मद्रासला आले असता, रामन यांचा पुतण्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर त्यांना जाऊन भेटला. तो तेव्हा महाविद्यालयात शिकत होता. आपण ज्या पुस्तकावरून अणूचे ज्ञान मिळविले ते आता जुने झाले, असे खुद्द त्या पुस्तकाच्या लेखकाकडूनच ऐकण्याचा प्रसंग त्याच्यावर आला. नवी पुंजयामिकी त्याने झपाट्याने आत्मसात केली. ३१ जुलै १९३० रोजी मुंबई बंदरातून तो इंग्लंडला निघाला. वय एकोणीस. इंधन संपलेले काही तारे पृथ्वीएवढे आखडतात, त्यांतील चमचाभर द्रव्य काही टन भरते, आणि गर्दीला विरोध करणारे इलेक्ट्रॉनच त्यांना सावरून धरतात, हे राल्फ फाउलर यांनी १९२६ मध्ये दाखविले होते. बोटीवर चंद्रशेखरांच्या ध्यानी आले की, इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाला भिडू लागला की त्यांचा विरोध दुबळा पडतो. सूर्याच्या सुमारे १.४ पटीहून जड असा तारा इलेक्ट्रॉनांना सावरता येणार नाही. तेथे गुरुत्वाकर्षण तो सारा खर्च सोसते, इलेक्ट्रॉन प्रोटॉनांत चेपले जातात, आणि उरतो तो न्यूट्रॉनांचा तारा किंवा त्याहूनही गहन असे काही. १९३५ च्या जानेवारीत लंडनला एडिंग्टन यांनी या विचाराची भर सभेत टर उडविली. नोबेल पारितोषिक मिळण्यास १९८३ साल उजाडावे लागले.

सभेत झालेल्या अशाच एका अवहेलनेकडे आता वळतो. ती बेंगळूरूत घडली. एप्रिल १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीने ज्यू प्राध्यापकांना दूर केले; त्यांत मॅक्स बॉर्न होते. केंब्रिजने त्यांना तात्पुरता आसरा दिला, पण तो तात्पुरताच. जर्मनीतून निर्वासित झालेले थोर शास्त्रज्ञ भारतात आणावेत, अशी रामन यांची दूरदृष्टीची आकांक्षा होती. त्यांच्या निमंत्रणावरून १९३५ च्या शरद ऋतूत बॉर्न आपल्या पत्नीसह बेंगळूरूस आले. वय त्रेपन्नाच्या घरात; उभ्या आयुष्याचे काम पाठीशी आणि स्वतःचा म्हणावा असा गाव नाही. येथे त्यांनी व्याख्याने दिली आणि तरुण मंडळींशी चर्चा केल्या. त्याच सुमारास रामन व नागेंद्र नाथ हे ध्वनितरंगांतून जाणाऱ्या प्रकाशाचा आपला नामांकित सिद्धांत रचीत होते. हवा, माणसे, झाडे सारे बॉर्न यांना मानवले. रामन यांनी त्यांच्यासाठी गणिती पदार्थविज्ञानाचे कायमचे प्राध्यापकपद निर्माण करावे, असा प्रस्ताव मांडला.

त्या बैठकीचे वर्णन बॉर्न यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात आहे. ते स्वतः तेथे उपस्थित होते. रामन यांनी त्यांची मोकळ्या मनाने स्तुती केली. त्यानंतर एक इंग्रज प्राध्यापक उठले आणि म्हणाले की, स्वतःच्या देशातून घालवून दिलेला हा दुय्यम दर्जाचा परकीय या संस्थेस पुरेसा नाही. घरी परतल्यावर बॉर्न यांना रडू आवरले नाही, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. प्रस्ताव तडीस गेला नाही. १९३६ च्या वसंतात ते इंग्लंडला परतले, आणि त्याच वर्षी एडिंबरा विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले. तेथे त्यांनी सतरा वर्षे काढली, आणि देशोदेशीच्या विद्यार्थ्यांना घडविले. तळटीपेतील त्या दुरुस्तीसह संभाव्यतेच्या सिद्धांताबद्दल १९५४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ५ जानेवारी १९७० रोजी ते ग्यॉटिंगेन येथे निवर्तले. त्यांच्या समाधीच्या शिळेवर उलट क्रमाने बदलणाऱ्या गुणाकाराचे ते समीकरण कोरलेले आहे.

सगळा दोष एका माणसाच्या तोंडच्या शब्दांवर टाकणे हे इतिहासकाराला शोभणार नाही. रामन यांचा स्वभाव उतावळा होता. त्यांच्या विभागाकडे पैशाचा ओघ अधिक वळला, अशी इतर विभागांची तक्रार होती. १९३६ मध्ये चौकशी समिती बसली, आणि १९३७ मध्ये रामन यांनी संचालकपद सोडले. प्राध्यापक म्हणून ते १९४८ पर्यंत राहिले. पुढे स्फटिकांच्या कंपनांवरून त्यांचा बॉर्न यांच्याशीच कडाक्याचा वाद झाला, आणि त्यात कालांतराने बॉर्न यांची बाजू खरी ठरली. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. ज्या बैठकीत जगातील एका अव्वल दर्जाच्या शास्त्रज्ञाची योग्यता ठरावयाची होती, तेथे त्याचे काम कोणी पाहिले नाही. त्याला कोणी हाकलले, एवढेच पाहिले.

दैव मात्र बेंगळूरूवर तितके रुष्ट नव्हते. १९३९ मध्ये सुट्टीसाठी घरी आलेले मुंबईचे होमी भाभा महायुद्धामुळे केंब्रिजला परतू शकले नाहीत. त्याच संस्थेत त्यांना सैद्धांतिक पदार्थविज्ञानासाठी जागा मिळाली, आणि विश्वकिरणांच्या संशोधनाचा विभाग उभा राहिला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आरंभही १ जून १९४५ रोजी येथेच झाला. त्याच वर्षअखेर ती मुंबईस गेली. रुजवणीस जमीन योग्य होती, हे यावरून दिसते.

ही हकीकत वाचल्यावर मला एक जुने टिपण आठवले. सेवेच्या पहिल्या वर्षांत एका कार्यालयात माझ्यापुढे एक प्रकरण आले होते. बाहेरगावच्या एका विद्वान गृहस्थांना वर्षभरासाठी सामावून घेण्याचा तो प्रस्ताव होता. ते कोणत्या विषयात काम करतात, हे मी नीट वाचलेही नाही. मंजूर पदांत अशी जागा नाही, आणि उमेदवार यापूर्वीच्या संस्थेतून मुदतीआधीच मोकळे झालेले दिसतात, एवढे दोन मुद्दे नोंदवून मी प्रकरण वर पाठविले. दोन्ही मुद्दे अक्षरशः खरे होते. प्रस्ताव तेथेच थांबला. ते गृहस्थ पुढे कोठे गेले, मला ठाऊक नाही. ते बॉर्न होते, असे मी म्हणत नाही, बहुधा नसतीलच. पण ते कोण होते, हे पाहण्याचे काम माझे होते आणि मी ते केले नाही. त्या इंग्रज प्राध्यापकावर रागावण्याचा अधिकार मला आहे की नाही, याविषयी तेव्हापासून मी साशंक आहे.

निसर्गाच्या कचेरीत इलेक्ट्रॉनाचा जमाखर्च बिनचूक ठेवला जातो, म्हणून कातळ टिकतो. माणसांच्या संस्थांना तसे कोणते तत्त्व सावरून धरीत नाही. त्या टिकतात किंवा कोसळतात, ते बैठकीला बसलेल्या, टिपणे लिहिणाऱ्या आणि सही करणाऱ्या माणसांच्या निवाड्यावर. परवा रविवारी मी पुन्हा लालबागेत गेलो होतो. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि कातळ धुऊन निघाला होता. एक लहान मुलगी त्याच्यावर दोन्ही पाय आपटून तो किती घट्ट आहे, हे आपल्या आजोबांना दाखवीत होती.